चढावरची टकटक

चि. भाच्यास,

ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी टकटक या एका नावाखाली निदान चार निरनिराळे आवाज खपतात, आणि गाणी मोठ्याने लावून त्यांतला एकही बरा होत नाही. ‘खंबाटकी चढताना टकटक वाढते, म्हणून गाण्याचा आवाज जरा वाढवतो’ हे वाक्य ज्याने हसण्याची खूण काढून पत्रात लिहिले, त्याच्या मामाने आयटीआयमधल्या पोरांना वर्षानुवर्षे डोळे मिटून इंजिन ऐकायला बसवले, एवढी नोंद येथे पुरे.

पेट्रोल गाडीत नेहमी आढळतो तो नॉकिंगचा आवाज. प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते. तिच्यापुढचे अजून न जळलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते, तापते आणि ज्योत पोचण्याआधीच आपले आपण पेटते. दाबाची लाट भिंतींवर आदळते. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा तो आवाज ओझ्याखाली वाढतो आणि पाय उचलताच थांबतो. पिस्टनच्या डोक्यावर साचलेला कार्बन, कमी झालेले कूलंट, चोंदलेला इंजेक्टर, कुठून तरी आत शिरणारी जादा हवा, चुकीच्या उष्णता-क्रमांकाचा प्लग किंवा भेसळीचे पेट्रोल, यांतले काहीही त्याच्या मुळाशी असू शकते.

दोष पेट्रोलवर ढकलणे सर्वांना सोपे वाटते. बीएस-६ मानकाने साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ ठरवला, आणि ज्या इंजिनाला तेवढा पुरतो त्याला महागडे पेट्रोल पाजून फरक पडत नाही. पडलाच, तर मूळ बिघाड झाकला गेला असे समजावे. झाकण्याचा हा मोह जुना आहे. १९२१ साली थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून ही टकटक दाबली, आणि पुढे कित्येक दशके जग ते शिसे हुंगत राहिले. भारतात ते २००० साली बंद झाले. आवाज ऐकण्यापेक्षा दाबणे माणसाला फार आवडते. घरचेही त्यातून सुटलेले नाहीत.

आताच्या इंजिनावर नॉक सेन्सर असतो. टकटक जाणवली की तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी थोडी उशिरा पडू लागते. ताकद कमी होते, पण पिस्टन वाचतो. एवढे असूनही आवाज कानावर येत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली असावी, नाहीतर दोष त्याच्या आवाक्याबाहेर गेला असावा. म्हणून आधी स्कॅनर लावून कोड पाहावा, मग प्लग काढून त्यांचा रंग पाहावा, कूलंटची पातळी पाहावी, आणि कार्बन साफ करण्याचा खर्च त्यानंतर काढावा. सगळे उलट क्रमाने करणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत.

पण चढावरच्या नॉकिंगचे निम्मे खापर चालवणाऱ्यावरच फुटायला हवे. पेट्रोल वाचवायचे म्हणून चौथ्या गिअरमध्ये घाट रेटणे हा काटकसरीचा नव्हे, आळसाचा प्रकार आहे. फेरे उतरलेले, पाय तळापर्यंत दाबलेला, वर चार माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या, अशा स्थितीत कोणतेही इंजिन कण्हणारच. गिअर उतरवून फेरे वाढवले आणि टकटक गेली, तर गाडीपेक्षा सवय दुरुस्त करावी. ही सवय ज्यांच्याकडून घरात आली, त्या अप्पांना हे कधी पटले नाही. त्यांच्या गाडीचे पुढे काय झाले हे ताईला विचारावे.

त्या गाडीचा आवाज मात्र वेगळा होता. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले की जड, खोल ‘ठक ठक’ येते. ती फेऱ्यांबरोबर वेग धरते आणि गाडी उभी असतानाही, न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर ऐकू येते. एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून पाहिली की ज्याच्यापाशी ठोका मऊ पडतो, तो दोषी. तेल कमी पडणे हे त्याचे नेहमीचे कारण. तेलाचे चेंबर खोलून बेअरिंग बदलावे लागते, क्रँकवर ओरखडे असतील तर तो ग्राइंडही करावा लागतो. तोवर गाडी टो करूनच न्यावी. दुर्लक्ष झाले तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. अप्पांचा आला होता, आणि मागच्या सीटवर ताई होती.

उरलेले प्रकार किरकोळ. गाडी उचलताना एकदाच ‘धप्प’ झाले तर इंजिनाचे माउंटिंग, वळताना ‘कट कट’ आली तर ॲक्सलचा जॉइंट, थंड इंजिनात ‘टिक टिक’ येऊन तापल्यावर विरली तर बहुधा एक्झॉस्टची गळती.

येत्या रविवारी ताईला घेऊन साताऱ्याला जाण्याचा बेत त्याच पत्रात आहे. त्याआधी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहावी. पुसून पुन्हा घालावी, मगच तेल वाचावे. न्यूट्रलमध्ये, गाणी बंद ठेवून, बॉनेट उघडून एकदा रेस करावी. ठोका खोल वाटला तर एसटीने जावे. तेल कोणत्या खुणेवर होते ते शनिवारच्या आत कळवावे.

मामा