उद्याचे तिकीट

आमच्या पिढीने रेल्वेचे तिकीट रांगेत उभे राहून मिळवले. आरक्षणाचा अर्ज आदल्या रात्रीच भरून ठेवायचा, पहाटे अंधारात वसई रोड स्थानक गाठायचे आणि खिडकी उघडली की देवाचे नाव घेत पुढे सरकायचे. भाड्याची चिंता नसे; ते ठरलेले असे. चिंता एकच, जागा मिळेल की नाही. खिडकीतून 'कन्फर्म' हा शब्द कानी पडला की प्रवास अर्धा झाल्यासारखे वाटे.

२०२५ साली आम्हां उभयतांना याच्या अगदी उलट्या हिशेबाला सामोरे जावे लागले. आमची लेक इंग्लंडमधील यॉर्क शहरी परिचारिका आहे. तिचे पहिले बाळंतपण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित होते. आम्ही सप्टेंबरच्या आरंभी यावे, थोडा देश पाहावा आणि मग तिच्यापाशी राहावे, असे तिने सुचवले. यॉर्कहून एडिंबरा सुमारे ३३० किलोमीटर. गाडीने अडीच तासांची वाट. तेथे दोन रात्री राहून परतावे, असे ठरले. तिकिटे मात्र आपणच काढायची, असा आम्ही हट्ट धरला. चाळीस वर्षे साऱ्या कुटुंबाची तिकिटे काढणाऱ्या माणसांना लेकीने तिकीट काढून द्यावे, हे मनाला पटेना.

मग जून महिन्यात एक वही उघडली, संगणकासमोर बसलो आणि अभ्यास सुरू झाला.

तिकडे बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवायही चढता येते. त्यामुळे जागेचा प्रश्न फारसा बिकट नाही. प्रश्न असतो तो भाड्याचा. एकाच डब्यात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी मोजलेल्या पैशांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. तिकिटांचे मुख्य प्रकार तीन. 'एनीटाइम' तिकिटाला वेळेचे बंधन नाही, म्हणून ते सर्वांत महाग. 'ऑफ-पीक' तिकीट गर्दीची वेळ टाळून चालते; ते त्याहून स्वस्त. तिसरे 'ॲडव्हान्स'. ते साधारणपणे बारा आठवडे आधीपासून मिळू लागते आणि बहुधा सर्वांत स्वस्त असते. पण ठरल्या दिवशी, ठरल्या गाडीलाच चालते. ती गाडी चुकवून दुसरीत बसलो, तर नवे तिकीट घ्यावे लागते. त्याचे पैसे परत मिळत नाहीत. मात्र गाडी सुटण्यापूर्वी, थोडे शुल्क आणि भाड्यातील फरक भरून, ते दुसऱ्या वेळेसाठी बदलून घेता येते. हे शेवटचे वाक्य आम्ही वाचले होते; वहीत उतरवले मात्र नव्हते.

सवलतीची कार्डे हा आणखी एक अध्याय. साठी ओलांडलेल्यांसाठी 'सीनिअर रेलकार्ड' आहे. पण ते प्रत्येकाला वेगळे घ्यावे लागते. 'टू टुगेदर' नावाचे कार्ड मात्र दोघांत मिळून एक. वर्षाला ३५ पौंड, दोघांची नावे आणि छायाचित्रे त्यावर, आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. अट एवढीच की दोघांनी संपूर्ण प्रवास एकत्र केला पाहिजे आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत निघता कामा नये. आम्हांला हे कार्ड फार आवडले. संसाराला इतकी वर्षे झाल्यावर एकत्र राहण्याबद्दल कोणी सूट देते आहे, याची गंमत वाटली.

पुढे असेही कळले की एका लांब प्रवासाचे दोन तुकडे करून दोन तिकिटे घेतली, तर कधी कधी एकूण भाडे कमी पडते. हे नियमाला धरूनच आहे. गाडी मात्र त्या मधल्या स्थानकावर थांबणारी हवी. आम्ही यॉर्क ते न्यूकॅसल आणि न्यूकॅसल ते एडिंबरा असे तुकडे केले. रविवार टाळला, कारण रुळांच्या कामासाठी गाड्या रद्द करून त्यांच्या जागी बस सोडण्याची रीत तिकडेही आहे. आपल्या मेगाब्लॉकचा हा सख्खा भाऊच. उत्तरेकडे जाताना उजव्या हाताची जागा मागितली, कारण डरहॅमचे कॅथेड्रल आणि त्यापुढे समुद्र त्याच बाजूस दिसतो.

राहिला प्रश्न तारखेचा. लेक म्हणाली होती, "मम्मी, पप्पा, आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जाऊन या." पण पहिल्या आठवड्याच्या तिकिटांना अठरा पौंड अधिक पडत होते. तिसऱ्या आठवड्यातली स्वस्त होती. तेव्हाही बाळंतपणास तीन आठवडे उरत होते. आम्ही तिसरा आठवडा निवडला. वहीच्या तळाशी अठरा पौंडांची बचत लाल शाईने लिहून ठेवली.

जातानाचा प्रवास मनासारखा झाला. टेकडीवरचे डरहॅमचे कॅथेड्रल डोळे भरून पाहिले. बेरिक येथे ट्वीड नदीवरून १८५० साली खुल्या झालेल्या अठ्ठावीस कमानींच्या पुलावरून गाडी गेली. पुढे समुद्र इतका जवळ आला की आम्हांला आपल्या कळंबच्या किनाऱ्याची आठवण झाली.

दुसऱ्या रात्रीनंतरच्या पहाटे सहाच्या आधी जावयांचा फोन आला. मध्यरात्रीपासून कळा सुरू झाल्या होत्या. लेक दवाखान्यात होती आणि मम्मीला विचारत होती.

बॅगा उचलून आम्ही वेव्हर्ली स्थानक गाठले. आमच्या वहीतील प्रत्येक ओळ आता आमच्याच आड येऊ लागली. तिकिटे दुपारच्या गाडीची. ही गाडी चालणार नाही. साडेनऊ वाजले नव्हते. कार्ड चालणार नाही. तिकिटे दोन तुकड्यांत घेतलेली. बदलायची तर दोन्ही बदलायची, आणि तीही जेथून घेतली तेथूनच. खिडकीवरच्या बाईंनी सारे शांतपणे समजावून सांगितले आणि एनीटाइमचे भाडेही सांगितले. तो आकडा ऐकून आम्ही मागे सरलो आणि फोनवर तिकीट बदलण्याची खटपट करू लागलो. आमच्यातला एक आकडे दाबत होता, दुसरी फलाटाकडे पाहत होती. तेवढ्यात यॉर्ककडे जाणारी गाडी डोळ्यांदेखत सुटली.

मग निमूटपणे पूर्ण भाडे मोजले. पुढची गाडी अर्ध्या तासाने मिळाली. परतताना समुद्र डाव्या बाजूस होता. आम्ही त्याच्याकडे पाहिले नाही. गाडी डार्लिंग्टनला थांबली असताना जावयांचा संदेश आला: मुलगा झाला, दोघेही सुखरूप आहेत. तेथून यॉर्क अर्ध्या तासावर होते.

आम्ही खोलीत शिरलो तेव्हा लेक थकून पडली होती. अर्धा तास का लागला, हे तिने विचारले नाही. आजवर विचारलेले नाही. "मम्मी, चहा घेतलास का?" एवढेच म्हणाली.

वाचकहो, ज्यांच्या घरची मुले तिकडे आहेत, त्यांनी रेलकार्ड जरूर घ्यावे, तिकिटे वेळेवर काढावीत. त्यात शहाणपणच आहे. नाताळला जाणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की २५ डिसेंबरला तेथे रेल्वे जवळजवळ संपूर्ण बंद असते. परंतु स्वस्त तिकीट स्वस्त का असते, हेही ओळखावे. उद्या काय घडेल याची जोखीम ते आपल्या शिरावर ठेवते. आमचे वाडवडील साध्या बाजारहाटाचा बेत सांगतानाही 'देवाची मर्जी असेल तर' हे शब्द जोडीत. आम्ही बारा आठवडे आधी वही भरली, पण त्या शब्दांसाठी तिच्यात जागा सोडली नाही.

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा जाण्याचा विचार आहे. जाण्याची तिकिटे ॲडव्हान्स काढू. परतीची मात्र सुटी ठेवणार आहोत. मग त्यास अठरा पौंड अधिक पडले तरी चालतील.