हिरवळीखाली काय आहे

मे महिन्यात आई आमच्याकडे वाकडला राहायला आली. दुपारी साडेचारला तिला सोसायटीच्या बागेत घेऊन गेले, तर पाच मिनिटांत म्हणाली, "वर चल गं, झळा लागतायत." सहा वर्षं मी ज्या बागेचं कौतुक करत होते, तिथं बसायला सावलीच नव्हती.

मालीकाकांना विचारलं, इथं कडुनिंब का नाही लावत? त्यांनी खुरपं खुपसून दाखवलं. दीड वीत माती, मग खाली टणक. "ताई, मूळ जाणार कुठं? खाली दोन मजले पार्किंग." म्हणूनच सगळीकडे पाम आणि कुंडीतला चाफा.

मग मंजूर नकाशा मिळवला. आता लागू असलेल्या 2020 च्या राज्याच्या नियमावलीत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमचा भूखंड नऊ हजारांचा, म्हणजे नऊशे हव्यात. कागदावर त्या होत्या. रविवारी शेजारच्या काकांना टेपचं दुसरं टोक धरायला लावून मोजलं. जनरेटरची खोली, सांडपाणी प्रकल्पाची झाकणं, पेव्हरचा जॉगिंग ट्रॅक आणि पोडियमवरची हिरवळ वजा केली, तर खऱ्या जमिनीवर उरले जेमतेम दोनशे चाळीस चौरस मीटर. मागच्या भिंतीलगत, जुन्या निंबाभोवती.

17 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की नियमानं सोडायची करमणुकीची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही. निकाल मुंबईच्या तेव्हाच्या नियमांवरचा. पण झाडाला खोल माती लागते आणि पावसाला मुरायला जमीन लागते, हे वाकडलाही तितकंच खरं. घर घेताना मी बागेचं क्षेत्रफळ विचारलं होतं. तिच्याखाली काय आहे, हे विचारायला हवं होतं. त्याची मला अजून हळहळ वाटते.

त्याच निंबाखाली पाहुण्यांच्या गाड्यांसाठी काँक्रीट घालायचा विषय जूनच्या सभेत होता. मी मोजमापाचा कागद सगळ्यांपुढे ठेवला. वाद झाला, आवाज चढले. शेवटी काँक्रीट रद्द झालं आणि खोडाभोवतीचे पेव्हरही काढायचं ठरलं. आईसाठी तिथं आता बाकडं ठेवलंय; चारनंतर त्यावर जागा मिळवावी लागते.