गाणी तुझ्या नावावर राहू देत

चि. मुक्ता,


तू पाठवलेला संगीत कंपनीचा करारनामा नीट वाचला. आगाऊ रक्कम चांगली आहे, आणि तुझ्या वयात एवढे पैसे नाकारणं जड जातं हे मला कळतं. पण गाण्यांचे हक्क कायमचे देऊन टाकणाऱ्या सातव्या कलमाशी आले आणि अ‍ॅनी डिफ्रँको या अमेरिकन गायिकेची आठवण झाली. तिची गाणी तू गुणगुणतेसच. ती गाणी तिने कशी सांभाळली आणि त्यातून काय काय उभं राहिलं, ते आज सविस्तर लिहिते.

अ‍ॅनी १९७० साली बफलोत जन्मली. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचं हे गाव. तिच्या लहानपणीच तिथले पोलादाचे कारखाने बंद पडत गेले. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती गिटार घेऊन गावातल्या बारमध्ये गायची, पंधराव्या वर्षी घरापासून वेगळी राहू लागली. १९९० साली पहिला अल्बम आला तो तिने स्वतःच्याच कंपनीतर्फे काढला. कंपनी म्हणजे काय, तर ती स्वतः आणि गाडीत भरलेल्या कॅसेट. कार्यक्रम संपला की तिथेच विकायच्या, मग पुढचं गाव. मोठ्या कंपन्यांची बोलावणी आली, ती तिने परत पाठवली. तरी १९९८ साली ‘लिटल प्लास्टिक कॅसल’ बिलबोर्डच्या यादीत बाविसाव्या क्रमांकावर आला. तिच्या कंपनीचं नाव ‘रायचस बेब’. ती आजही चालू आहे.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यापुढची जास्त मोलाची वाटते.

१९९७ साली ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने तिचा गौरव केला, पण कशासाठी? एका अल्बममागे ती मोठ्या कंपन्यांच्या गायकांपेक्षा किती जास्त कमावते, यासाठी. अ‍ॅनीला ते लागलं. तिने संपादकांना खुलं पत्र लिहिलं. मला नफ्याच्या आकड्याने ओळखू नका, गाणारी-लिहिणारी म्हणून ओळखा, असा त्याचा आशय. नफ्याचं काय करायचं हेही तिचं ठरलेलं होतं: बफलोत कंपनी ठेवायची आणि तिथल्याच छापखान्यांना, तिथल्याच माणसांना काम द्यायचं. ज्या गावात रोजगार आटला होता तिथे एका गाणाऱ्या मुलीमुळे पगार होऊ लागले.

त्याच गावात डेलावेअर अ‍ॅव्हेन्यूवर एकोणिसाव्या शतकातलं एक दगडी चर्च आहे. नव्वदच्या दशकात त्याचे दगड ढासळू लागले आणि पाडायची भाषा सुरू झाली. ‘रायचस बेब’ने ते वाचवायचं मनावर घेतलं. अ‍ॅनीचा व्यवस्थापक स्कॉट फिशर वर्षानुवर्षं या कामामागे होता. दुरुस्तीला सुमारे एक कोटी डॉलर लागले. २००६ मध्ये दारं उघडली तेव्हा आत मैफिलीचं सभागृह होतं, ‘हॉलवॉल्स’ या कलासंस्थेला जागा होती आणि कंपनीची कचेरी होती. एखाद्या गायिकेने धर्मादाय संस्थेला धनादेश दिला तर मीही आनंदाने टाळ्या वाजवीन. पण इतरांना गाता येईल अशी जागाच उभी करणं हे मी त्याहून मोठं मानते.

आणि यूटा फिलिप्स! हे नाव तुझ्या कानावर आलं नसेल. कामगार चळवळीतला हा म्हातारा गायक, किस्से सांगणारा. हृदयविकारामुळे त्याचं दौरे करणं अवघड झालं होतं. अ‍ॅनीने त्याच्या जाहीर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं मागवून घेतली, त्याच्या किस्स्यांना आपलं संगीत दिलं आणि १९९६ मध्ये तो अल्बम स्वतःच्या कंपनीतून काढला. तिचे विशीतले श्रोते या म्हाताऱ्याचे संपांचे आणि मालगाड्यांचे किस्से ऐकू लागले. तीन वर्षांनी दोघांनी मिळून ‘फेलो वर्कर्स’ केला, त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. मोठ्या कंपनीत अशा अल्बमला परवानगी कोण देणार होतं? तिला कुणाची परवानगी लागली नाही.

पुढे अनाइस मिचेल या तरुण गीतकार मुलीचा ‘हेडीजटाउन’ हा अल्बम २०१० मध्ये अ‍ॅनीने प्रसिद्ध केला. त्याच्यावरून बेतलेल्या ब्रॉडवेवरच्या नाटकाला २०१९ मध्ये आठ टोनी पुरस्कार मिळाले. तुरुंगातल्या कैद्यांनी लिहिलेल्या गाण्यांचा अल्बमही तिच्याच कंपनीतून निघाला.

मुक्ता, या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एकच आहे: गाणी तिची होती, म्हणून पैसा तिचा होता, आणि पैसा तिचा होता म्हणून तो कुठे जावा हे ती ठरवू शकली. वस्तीतल्या मुलांसाठी गाण्याचा वर्ग काढायचं तुझ्या मनात आहे. तो वर्ग कुणाच्या मेहरबानीवर चालू नये असं मला मनापासून वाटतं.

हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणणार नाही. सतत वाजवून अ‍ॅनीचे हात दुखावले, २००५ च्या सुमारास तिला दौरे थांबवावे लागले. हिशेब, वाहतूक, वितरण, सगळं अंगावर येतं.

आता तुझ्या कागदाकडे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो हक्क फक्त वारसांच्या किंवा कॉपीराइट सोसायटीच्या नावे करता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. तुझ्या सातव्या कलमात ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय, ते म्हणूनच. ध्वनिमुद्रणाची मालकी ही वेगळी बाब आहे. ती साधारणपणे खर्च करणाऱ्याकडे जाते, आणि इथे खर्च कंपनी करणार आहे.

तेव्हा एवढ्यात सही करू नकोस. कॉपीराइटचं काम पाहणाऱ्या वकिलाला कागद दाखव. आणि चार गाणी साध्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायला किती खर्च येईल, ते मला कळव. पैसे मी देते. कागदावर नाव तुझं राहील.

तुझी,
आत्या