गाळाखालचं बंदर

कुशादासी, १२ मे, रात्र

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

काल पोहोचलो. गावाचं नाव आईला वाचून दाखवाल तेव्हा आधीच सांगा, यात दासी कोणी नाही. तुर्की भाषेत कुश म्हणजे पक्षी आणि आदा म्हणजे बेट. समोर खरंच एक छोटं बेट आहे, त्यावर किल्ला. पलीकडे धूसर डोंगर दिसतात ते सामोसचे, म्हणजे ग्रीस. धक्क्याला आपल्या अख्ख्या आळीएवढी दोन जहाजं लागली आहेत.

तुमच्या जावयांनी पहिल्याच दिवशी वाळूत पडून पाठ भाजून घेतली. आता दह्याचा लेप लावून पालथे पडलेत. त्यामुळे उद्या एफेससच्या जुन्या शहराचे अवशेष बघायला मी एकटीच जाईन. वीसेक किलोमीटर तर आहे.

१३ मे, रात्र

अण्णा, आजचं पत्र खास तुमच्यासाठी. आईला कंटाळा आला तर मधला भाग गाळा. (गाळाचंच पत्र आहे, कळेल पुढे.)

इथे शेअर रिक्षासारखी छोटी बस असते, तिला डोलमुश म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘भरलेली’. आपल्या नालासोपारा स्टेशनबाहेरच्या रिक्षांना हे नाव फुकट वापरायला द्यावं. तिने फाट्यावर सोडलं. तिथून टॅक्सीने वरच्या दारापाशी गेले, म्हणजे उन्हात चढ नको, नुसतं उतरत यायचं. तरी दोनदा घसरले. दोन हजार वर्षं लोकांच्या पायांनी संगमरवर घोटून घोटून आरसा केलाय. जागोजागी खांबांवर मांजरं झोपलेली असतात, आणि ती मात्र घसरत नाहीत.

सगळ्यांचे फोटो निघतात ते सेल्ससच्या ग्रंथालयापुढे. सेल्सस हा रोमन काळात या प्रांताचा गव्हर्नर होता. मुलाने बापाच्या नावाने ग्रंथालय बांधलं आणि बापाला त्याच्याच खाली पुरलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. बारा हजार गुंडाळ्या मावतील एवढी जागा होती म्हणतात. ओल लागू नये म्हणून भिंत दुहेरी, मधे पोकळी. तुम्ही असतात तर दर्शनी भाग सोडून आधी त्या पोकळीत डोकं घातलं असतंत. आज दिसतो तो दर्शनी भाग ऑस्ट्रियन संशोधकांनी १९७० च्या दशकात पडलेले तुकडे जुळवून उभा केला. कोनाड्यांतले चार पुतळे मात्र नकला आहेत. अस्सल चौघी व्हिएन्नात.

पण मी सर्वात जास्त वेळ बसले ती नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवर. पंचवीस हजार माणसं बसतील एवढं ते आहे. समोरून संगमरवरी रस्ता सरळ निघतो, अर्धा किलोमीटर जातो आणि झुडपांत संपतो. तिथे बंदर होतं! आता वेत, गवत, दलदल. समुद्र पाचसहा किलोमीटर लांब. ज्या नदीने एवढं केलं तिचं नाव छोटी मेंदेरेस.

आणि आता तुमचा विषय. स्ट्राबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय की बंदर उथळ होत चाललं तेव्हा पर्गमॉनचा राजा अटालस याच्या इंजिनिअरांनी तोंडाशी बांध घातला. तोंड अरुंद केलं की पाणी खोल होईल, मोठी गलबतं आत येतील, असा हिशेब. झालं उलटंच. आधी भरती-ओहोटी गाळ धुऊन नेत होती. बांधामुळे तो आतच अडकला आणि सगळं बंदर उथळ झालं. मला तुमचा चेहरा दिसला. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून तुम्ही जेवताना जे सांगायचात, पाणी अडवणं सोपं, गाळाचं काय करणार ते आधी बोला, तेच.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. शहर मुळात खाली, आर्टेमिस देवीच्या देवळाजवळ होतं. अलेक्झांडरचा सरदार लायसिमाकस याने ते डोंगराच्या कुशीत हलवायचं ठरवलं. लोक उठेनात. मग त्याने मुसळधार पावसाची वाट पाहिली आणि गटारं बुजवून टाकली. घरांत पाणी शिरल्यावर लोक निमूट निघाले. नव्या गावाला त्याने बायकोचं नाव दिलं, तेही टिकलं नाही. तुमचे ते साहेब आठवले, बुडीत क्षेत्रातल्या लोकांबद्दल ‘पाणी चढलं की आपोआप उठतील’ म्हणणारे. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात.

१४ मे, सकाळ

काल लिहायचं राहिलं. परतताना सेल्चुक गावाबाहेर आर्टेमिसच्या देवळाची जागा पाहिली. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, १२७ खांब होते असं प्लिनी सांगतो. भूकंपाचा धक्का बसू नये म्हणून मुद्दाम दलदलीत बांधलं, पायाखाली कोळसा आणि लोकर घालून. हे खरं का, तुम्हीच सांगा. जॉन टर्टल वुड नावाचा इंग्रज इथल्या रेल्वेची स्टेशनं आखायला आला आणि १८६३ पासून देऊळ शोधत बसला. १८६९ च्या अखेरीस सापडलं, सहाएक मीटर गाळाखाली. आज तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे, माथ्यावर करकोच्याचं घरटं. खाली डबक्यात बदकं. तिकीट नाही, रांग नाही. एक पोरगा नकली नाणी विकत होता. मी घेतली नाहीत, पण ‘इंडिया’ म्हटल्यावर त्याने हसून किंमत निम्मी केली.

त्या डबक्यापाशी उभी राहिले आणि आपल्या सोपाऱ्याचा स्तूप, बुरुड राजाचा कोट, आठवला. तुम्ही सायकलवर पुढे बसवून मला न्यायचात आणि सांगायचात की ग्रीक लोकांच्या पेरिप्लस या जुन्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात आपल्या सोपाऱ्याचं नाव बंदर म्हणून आहे. मला तेव्हा पटायचं नाही. बंदर कुठाय, म्हणून मी भांडायचे आणि तुम्ही पायाखालची माती दाखवायचात.

आजोबांच्या लहानपणी खाडीत होडी कुठवर यायची, कुठल्या झाडाला बांधायचे, हे ते सांगायचे ना? मी आल्यावर वही घेऊन बसूया. त्याआधी आठवेल तसं लिहून ठेवा. आईला म्हणावं, जावयांची पाठ बरी आहे, सालं निघतायत.

तुमची,
धाकटी