दादाचं आजारपण

२७ जानेवारी २०२५, सोमवार
दादाला ॲडमिट केलं. शनिवारपासून त्याला एकाचे दोन दिसत होते. आज सकाळी चहाचा कप समोर असून हात शेजारी टेबलावर आपटला. भिंत धरून, पाय फाकून चालतो आणि बोलता बोलता डोळे मिटतो. संक्रांतीच्या सुमारास सर्दी-खोकला होता, पॅरासिटामॉल घेऊन ऑफिसला जात होता.

पुण्यात सध्या कुणाचा पाय लटपटला तरी लोक एकच नाव घेतात: गियां-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी इथले त्याचे रुग्ण रोज पेपरात आहेत. शेजारच्या काकूंनी लिफ्टमध्येच विचारलं, “जीबीएस ना गं?” वहिनी काही बोललीच नाही.

२८ जानेवारी
न्यूरोच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली तर दादाचा पाय केवढ्यानं उडाला! तळपायावर रेघ ओढली तर अंगठा वर गेला. “ताई, जीबीएसमध्ये ही उडी सहसा नाहीशी होते. इथे उलट आहे,” ते म्हणाले. डोळे कुठल्याच बाजूला धड फिरत नाहीत, तोल नाही, वर गुंगी. म्हणजे बिघाड ब्रेनस्टेममध्ये, मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडला जातो तिथे. त्यांचा संशय बिकरस्टाफ ब्रेनस्टेम एन्सेफलायटिसचा. जीबीएसच्याच भावकीतला, पण फार क्वचित दिसणारा.

एमआरआय साफ आला. वहिनीला हायसं वाटलं, डॉक्टरांना नाही. जपानमधल्या बिकरस्टाफच्या ६२ रुग्णांचा अभ्यास २००३ साली छापून आला. त्यात साधारण ३० टक्क्यांच्याच एमआरआयमध्ये दोष सापडला होता.

पाठीतलं पाणी काढलं. मी लॅबमधली, त्यामुळे नजर आधी नळीकडे गेली. पाणी नितळ होतं. रिपोर्टमध्ये प्रोटीन वाढलेलं, पेशी थोड्या जास्त. हर्पिसची पीसीआर लावली आहे. ती येईपर्यंत ॲसायक्लोव्हिर आणि लिस्टेरियासाठी ॲम्पिसिलिन. हे दोन जंतू थेट ब्रेनस्टेममध्येच शिरू शकतात, तिथे थांबायची सोय नाही.

३० जानेवारी
हर्पिस निगेटिव्ह. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, काल रात्रीच सुरू झालं. वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, असं पाच दिवस. पहिली बाटली अगदी थेंब-थेंब सोडतात, सिस्टर सारख्या बीपी बघतात. मेडिक्लेमच्या मर्यादेचं काय होणार ते दिसतंच आहे.

साताऱ्याहून मामांचा फोन: “पण व्हायरस कुठला?” सगळ्यांना नाव हवंय. डॉक्टरांचं म्हणणं, जंतू बहुधा येऊन गेलासुद्धा. त्याच्याशी लढायला शरीरानं केलेल्या अँटीबॉडी आता घरच्यांवर उलटल्यात. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाच्या काही जातींच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या जीक्यू१बी नावाच्या घटकासारखी दिसते. डोळे फिरवणाऱ्या नसांवर हा घटक भरपूर, म्हणून तडाखा आधी डोळ्यांना.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी
वहिनीचं हळदीकुंकू यंदा राहिलंच. अँटी-जीक्यू१बी पॉझिटिव्ह. त्या जपानी अभ्यासात ही अँटीबॉडी ६६ टक्के जणांत होती. नसती आली तरी निदान बदललं नसतं, पण आली ते बरं झालं.

हा आजार कुठल्या जंतूमागून येतो ते रात्री मोबाईलवर वाचत बसले. कॅम्पिलोबॅक्टर आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा यांचे पुरावे बऱ्यापैकी भक्कम, आणि हे दोन्ही बॅक्टेरिया. सायटोमेगॅलो, झिका, कोविड या व्हायरसांची नावं येतात ती बहुतेक एकेकट्या पेशंटच्या नोंदींतून. आधी ताप आला आणि मागून हा आजार, एवढ्यावर नातं जुळवायला माझी तयारी नाही. जानेवारीत निम्मं पुणं शिंकत असतं. दादाच्या सर्दीमागे व्हायरस असेलही. पण तो कुठला, ते आता कुठल्या नळीतून काढणार? मामांना हे पटलेलं नाही. त्यांचा संशय ऑफिसच्या एसीवर आहे.

बर्मिंगहॅमच्या बिकरस्टाफ आणि क्लोक यांनी १९५१ मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले. १९५७ च्या निबंधाच्या शीर्षकातच बिकरस्टाफनं म्हटलंय, लक्षणं गंभीर पण शेवट बहुधा चांगला. ते वाक्य वहिनीला दोनदा वाचून दाखवलं.

१३ फेब्रुवारी
गुंगी उतरली. डावा डोळा अजून बाहेरच्या बाजूला पूर्ण जात नाही. वॉकर धरून पॅसेजच्या टोकापर्यंत गेला आणि फिजिओथेरपिस्ट मुलीला म्हणाला, “आता तुम्ही एकट्याच दिसता.”

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
दादा घरी आहे. साबुदाण्याची खिचडी स्वतःच्या हातानं खाल्ली, थोडी सांडली.

सोसायटीच्या ग्रुपवर शेवटी एवढंच टाकलं: सर्दी-ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर तीन-चार आठवड्यांत कुणाला एकाचे दोन दिसू लागले, तोल जाऊ लागला किंवा नको तेवढी झोप येऊ लागली, तर चष्म्याचा नंबर तपासत बसू नका. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट आणि व्हेंटिलेटर असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या. जंतूचं नाव नंतर शोधता येईल.