लीड्स-ब्रुज, मार्गे फोकस्टन

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे सुट्टी असते. तिला दोन दिवसांची रजा जोडली की पाच दिवस मिळतात. त्या पाच दिवसांत आई-बाबांना घेऊन लीड्सहून बेल्जियमला गाडीने जायचं, असं जानेवारीतच ठरलं. ठरलं म्हणजे मी आणि बाबांनी फोनवर ठरवलं. बायकोचं म्हणणं अजूनही तेच आहे की मँचेस्टरहून ब्रसेल्सला थेट विमान आहे, दीड तासाच्या आत पोचतं. मग साठी ओलांडलेल्या दोन माणसांना जवळजवळ सहाशे किलोमीटर गाडीत बसवून न्यायचं कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्यात बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय की सलग दोन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, उतरून पाय मोकळे करायचे. धाकटा भाऊ दर रविवारी फोनवर "कशाला उगाच नसतं धाडस" हे पालुपद लावतो.

पण बाबा एसटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं. आंब्याच्या घाटातून रत्नागिरी, नाहीतर बेळगाव, नाहीतर कुठल्या तरी खेड्यातली वस्तीची गाडी. महिन्यापूर्वी ते इथे आले तेव्हापासून बघतोय, ते रोज बस-स्टॉपवर जाऊन उभे राहतात. कुठे जायचं नसतं, ड्रायव्हर गाडी कशी लावतो ते बघायचं असतं. ज्या माणसाला चौतीस वर्षं लोक रस्ता विचारत होते, त्याच्या बसचं तिकीट आता मुलगा फोनवरून काढून देतो. विमानाने नेलं तर ते येतील, ढग बघतील, "छान आहे" म्हणतील आणि गप्प बसतील. मला ते गप्प बसलेले नकोयत.

तर प्लॅनिंग. रस्ता हा त्यातला सगळ्यात सोपा भाग असतो हो! भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमधून युरोपात जायचं म्हणजे अर्धं प्लॅनिंग कागदांचं. शेंगेन विसा प्रत्येकी ९० युरो. अर्ज कुणाकडे करायचा? शेंगेनमध्ये आपण पहिलं पाऊल ठेवणार फ्रान्समध्ये, पण मुक्काम जास्त बेल्जियममध्ये, म्हणून अर्ज बेल्जियमकडे. आमचा दोघांचा इथून. आई-बाबा इथे पाहुणे, त्यामुळे त्यांचा भारतातूनच, निघायच्या आधी. म्हणजे त्यांचे पासपोर्ट आधी इंग्लंडच्या विसाला गेले, परत आले, मग बेल्जियमच्या विसाला गेले. ते दीड-दोन महिने धरले नसते तर बाकीच्या प्लॅनिंगला काही अर्थ नव्हता. शिवाय इंग्लंडचा विसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा आहे ना, ते नीट वाचून घ्यायचं. नाहीतर कॅलेला जाऊन तिथेच राहायची वेळ यायची :)

विसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो स्वस्तात मिळतो, पण त्यात आधीपासूनचा आजार बहुतेक वेळा धरलेला नसतो. विसा मिळवण्यापुरता कागद पुरेसा आहे, हे खरं. पण बाबांच्या छातीत बेल्जियमच्या हायवेवर दुखायला लागलं तर तो कागद घेऊन काय करू? म्हणून अँजिओप्लास्टीचा स्पष्ट उल्लेख करून, चौपट पैसे भरून विमा घेतला. या एका खर्चाबद्दल घरात कुणीच वाद घातला नाही.

आता रस्ता. लीड्स ते फोकस्टन साधारण ४३० किलोमीटर. एरवी मी एकदाच कॉफीला थांबलो असतो. यावेळी बाबांनी माझी एक्सेल शीट बघितली आणि विचारलं, "हे गाडीचं टाइमटेबल झालं, माणसांचं कुठं आहे?" मग त्यांनीच थांबे लावले. पहिला पीटरबरोला, दुसरा स्टॅनस्टेड विमानतळाजवळ, आणि रात्रीचा मुक्काम ॲशफर्डला. दिवस एकच असला तरी बोगदा दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन तासांचा नियम पाळून शिवाय अर्धा तास हाताशी राहतो. मधे टेम्स नदी डार्टफर्डला ओलांडायची. जाताना पुलावरून, येताना नदीखालच्या बोगद्यातून. तिथे टोल आहे पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे. बाबांना हे पटलेलंच नाही. "पावती कोण देतंय मग?"

समुद्र ओलांडायला दोन पर्याय. डोव्हरहून बोट, दीड तास. किंवा फोकस्टनहून बोगद्यातली शटल, ३५ मिनिटं. बोट स्वस्त पडते, पण बोटीत गाडी सोडून जिने चढून वर जावं लागतं आणि आईला साधी पन्हाळ्याची वळणं लागतात. शटलमध्ये गाडी सरळ आगगाडीच्या डब्यात घालायची आणि आत बसून राहायचं. ५० किलोमीटरचा बोगदा, त्यातला जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्राखाली. १९९४ साली सुरू झाला. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी फोकस्टनलाच होते, पलीकडे उतरलं की थेट हायवे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवीन नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे तिथे एक तास जास्तीचा धरलाय.

आणि मग ती उजवी बाजू! कॅलेपासून ब्रुजपर्यंत १२० किलोमीटर, टोल नाही, सव्वा तासाचा रस्ता. पण गाडी रस्त्याच्या उजवीकडून, आणि माझं स्टिअरिंगही उजवीकडेच. म्हणजे मी रस्त्याच्या कडेला, आणि पुढचा ट्रक मागे टाकायचा तर डावीकडचं मला धड दिसत नाही. दिसतं ते शेजारी बसलेल्याला. तेव्हा ती सीट बाबांची. इथे मात्र बायकोही लगेच हो म्हणाली. चौतीस वर्षं आरशात बघितलेला माणूस असताना मी गुगलबाईला का विचारू? बाबांचं म्हणणं, "दोन घंट्या दिल्या की निघ, एक दिली की थांब." खुणा ठरल्यासुद्धा.

एकदाच त्यांनी विचारलं, "मला चालवू देशील काय जरा, रिकाम्या रस्त्याला?" विम्यात नाव फक्त आमचं दोघांचं आहे. नाही म्हटलं. "बरोबर आहे," म्हणाले. परत विचारलं नाही.

गाडीतल्या सामानाची यादी छोटी आहे. धोक्याचा त्रिकोण, प्रत्येकाला चमकणारं जाकीट (डिकीत नाही, हाताशी), हेडलाइटवर चिकटवायच्या पट्ट्या, कारण इथले दिवे तिकडे समोरच्याच्या डोळ्यात जातात. मागे "यूके" अक्षरांचं स्टिकर. जुनं "जीबी" सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. आमचा स्पीडोमीटर मैलांत, म्हणून डॅशबोर्डवर एक चिठ्ठी: १२० म्हणजे ७५, ५० म्हणजे ३१. फ्लँडर्समध्ये गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ७०, म्हणजे ४३. शिवाय बेल्जियममध्ये पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना. हे वाचून बाबा खूप वेळ हसत होते.

पाट्यांची गंमत वेगळीच. डच भाषिक भागात फ्रान्समधल्या लीलची पाटी "रायसेल" अशी असते, मॉन्सचं "बर्गन" होतं, लिएजचं "लौक". हे न कळून कित्येक लोक भलत्याच एक्झिटला उतरतात म्हणे. मी सगळ्या जोड्यांची यादी केली. बाबांनी ती बाजूला ठेवली. "कोगनोळी ओलांडली की बोर्ड कन्नडात असतोय. मी काय कन्नड शिकून बेळगावला गेलो काय? रस्ता ओळखायचा, बोर्ड नव्हे." तरी यादी मी खिशात ठेवणार आहे.

ब्रसेल्स, अँटवर्प आणि गेंट या शहरांत प्रदूषणाचे नियम आहेत, परदेशी गाडीची आधी नोंदणी करावी लागते. त्यापेक्षा गाडी ब्रुजला लावून ब्रसेल्सला ट्रेनने जाणं शहाणपणाचं, तासाभराचा तर प्रवास.

डब्यावरून मात्र घरात रणकंदन झालं. दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस इथून युरोपात नेता येत नाही. आईने कोल्हापूरहून आणलेली तुपाची बरणी घरीच राहणार. येताना चीज आणावं तर तेही नाही, एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटननेही बंदी घातली. धपाटे तेलावर भाजून, शेंगदाण्याची चटणी कोरडी. "तूप काय बॉम्ब आहे काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटची रात्र इपरला. पाच दिवसांत घड्याळ बघून पोचायची जागा ही एकच. तिथल्या मेनिन गेटवर रोज रात्री बरोबर आठ वाजता बिगुल वाजतं. १९२८ पासून वाजतंय, मधे फक्त दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव असताना बंद होतं. ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा चोपन्न हजारांहून जास्त सैनिकांची नावं त्या कमानीवर आहेत, त्यात भारतीयही आहेत. याच भागात ३१ ऑक्टोबर १९१४ ला खुदादाद खान लढले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय सैनिक. त्याच्या तीनच दिवस आधी, खाली फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला, आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या पायदळासारख्या लढल्या होत्या. बाबांना मी हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "एवढ्या लांब आले कसे ते?" बोटीने मार्सेला, तिथून आगगाडीने. ते ऐकून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आठला पोचायचं तर ब्रुज साडेपाचला सोडू. नकाशा तासाभराचा रस्ता दाखवतो. मी साडेसहा लिहिलं होतं, खोडून साडेपाच केलं.

राहिलं ते फक्त शटलचं तिकीट. सकाळी नऊनंतरची गाडी महाग आहे आणि सहाची स्वस्त. आईला नऊची हवी, बाबा म्हणतात पहाटेच्या गाडीला गर्दी नसते. आज रात्री काढायचंय. बायको म्हणते साडेसातची बघ.