वजा बारा

४६ सामने, ५१ गुण, वजा १२. इंग्लंडमधल्या दुसऱ्या पायरीच्या फुटबॉल लीगचा, म्हणजे चॅम्पियनशिपचा, २०१६-१७चा तक्ता उघडला की खालून तिसऱ्या ओळीत ब्लॅकबर्न रोव्हर्स या नावापुढे हे आकडे दिसतात. त्याच्या वरच्या ओळीत नॉटिंगहॅम फॉरेस्ट: ४६ सामने, ५१ गुण, वजा १०. या दोन ओळींच्या मधे एक रेघ आहे. रेघेवरचे राहिले. रेघेखालचे तिसऱ्या पायरीवर गेले.

केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा केले की ही शेवटची संख्या मिळते. गुण सारखे झाले की तीच निकाल लावते. लोक म्हणतात, ब्लॅकबर्न दोन गोलांनी बुडाला. हिशेब करून पाहिला तर दोनानंही भागलं नसतं. दोन गोल कमी खाल्ले असते तर फरक सारखा झाला असता आणि मग केलेले गोल मोजले गेले असते. ते फॉरेस्टचे ६२, ब्लॅकबर्नचे ५३. म्हणजे तीन हवे होते. ६ ऑगस्ट २०१६ला मोसमातला पहिलाच सामना ब्लॅकबर्न घरच्या मैदानावर नॉर्विचकडून १-४ असा हरला होता. हरत असलेला संघ तिसऱ्या-चौथ्या गोलाला फारसं मनावर घेत नाही. गुण तर गेलेलेच असतात. ऑगस्टमधला तो गोल नऊ महिने वहीत पडून राहतो आणि मे महिन्यात वसुलीला येतो. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना नेट रनरेट माहीत आहे, पण तो चार-सहा आठवड्यांच्या स्पर्धेतला. ही उधारी फार लांबते.

मी फुटबॉलची नेमानं बघणारी नव्हे. ब्लॅकबर्न माझ्या वाट्याला दोन वाटांनी आलं. पहिली वाट पुण्याची. नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहानं हा क्लब विकत घेतला, तेव्हा शहरात त्याची चर्चा झाली ती मुख्यतः विनोदाच्या अंगानं. कोंबड्यांचा धंदा आणि इंग्लिश फुटबॉल, एवढं पुरेसं होतं. पुढे ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू चिकनवर ताव मारताहेत अशी जाहिरातही आली. दुसरी वाट कामाची. २०१६ साली मी गिरणगावावरच्या एका मराठी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर करत होते. साचे, साचेखातं, जॉबर या शब्दांचा माग काढत लँकेशरच्या गिरण्यांबद्दल वाचायला लागले आणि पानोपानी ब्लॅकबर्न भेटायला लागलं. हे गाव कापड विणायचं, आणि त्यात आपल्याकडे नेसल्या जाणाऱ्या धोतरांचा वाटा मोठा होता. ज्यांनी आयुष्यात धोतर नेसलेला माणूस पाहिला नव्हता असे लोक त्याचे काठ विणत होते. त्याच सुमारास त्या गावचा क्लब पुण्याच्या मालकीखाली बुडायला लागला होता. शनिवारी रात्री काम आटोपलं की मी निकाल बघायला लागले.

रोव्हर्स म्हणजे भटके. १८७५ साली स्थापन झालेल्या या भटक्यांनी १८९०मध्ये ईवुड पार्कवर बिऱ्हाड टाकलं ते आजवर हललेलं नाही. १८८८मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. १९९५मध्ये ते प्रीमियर लीगचे विजेते ठरले. पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला जॅक वॉकर हा तिथलाच माणूस. त्यानं आपला पैसा गावच्या क्लबात ओतला, केनी डॅग्लिशला आणलं, ॲलन शिअररला आणलं. शेवटच्या दिवशी ते लिव्हरपूलकडून हरले, पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं बरोबरीत रोखलं, आणि एका गुणानं विजेतेपद मिळालं. तेही रेघेवरचंच. लहान गावाला एका श्रीमंताच्या जिवावर हे सुख लाभलं, असं कुणी म्हटलं तर खोटं नाही. पण तो श्रीमंत त्यांना नावानं आणि चेहऱ्यानं माहीत होता.

७ मे २०१२ला, घरच्या मैदानावर विगनकडून हरून, ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली आला. त्या संध्याकाळी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी कुणीतरी मैदानात सोडली. मला त्या कोंबडीचीही दया येते.

वरून पडणाऱ्या क्लबांना काही वर्षं पैसे मिळतात, त्याला तिकडे पॅराशूट म्हणतात. ब्लॅकबर्नची चार वर्षं २०१६च्या उन्हाळ्यात संपली. म्हणजे मी निकाल बघायला लागले तो पॅराशूटशिवायचा पहिला मोसम. बचावाचे दोन खांब, ग्रँट हॅन्ली आणि शेन डफी, विकले गेले. एक न्यूकॅसलला, दुसरा ब्रायटनला. मोसमाअखेर न्यूकॅसल पहिला आला, ब्रायटन दुसरा, आणि दोघेही प्रीमियर लीगमध्ये गेले. व्यवस्थापक म्हणून आणला ओवेन कॉइल. हा पूर्वी बर्नलीचा व्यवस्थापक होता. बर्नली ब्लॅकबर्नपासून काही मैलांवर, आणि त्या दोन गावांचं वैर इतकं जुनं की या नेमणुकीला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणंसुद्धा सौम्य ठरावं. पहिला विजय मिळायला सप्टेंबर उजाडला.

तरीही हा संघ टाकाऊ नव्हता, हीच अवघड गोष्ट. ज्या न्यूकॅसलनं लीग जिंकली त्याला ब्लॅकबर्ननं दोनदा हरवलं, एकदा त्यांच्या घरी, एकदा आपल्या. दोन्ही वेळा १-०, दोन्ही गोल चार्ली मलग्रूचे. फेब्रुवारीत एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेड ईवुड पार्कवर आला, तेव्हा पहिला गोल ब्लॅकबर्नच्या डॅनी ग्रॅहमनं केला. मग ते १-२ हरले. दोनच दिवसांनी कॉइल गेला आणि टोनी मोब्रे आला. उरलेल्या पंधरा सामन्यांत मोब्रेचा संघ तीनच हरला. सात बरोबरीत सुटले. त्या सातांतल्या एकाचं जरी विजयात रूपांतर झालं असतं, तर मी हे लिहीत नसते.

पण मला राहून राहून आठवतो तो त्या मोसमातला एक निषेध. ऑक्टोबरमधल्या घरच्या एका सामन्याला बरेच पाठीराखे पहिली १८ मिनिटं आत गेलेच नाहीत, आणि ७५व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. १८ आणि ७५. क्लबच्या जन्माचं वर्ष त्यांनी रिकाम्या खुर्च्यांनी लिहून दाखवलं.

पाठीराखे हा शब्द मी इथे सहज वापरला, पण तो सहज आलेला नाही. चाहता म्हणजे ज्याला आवडतं तो. आवड उद्या बदलू शकते. समर्थक म्हटलं की आपल्याकडे सभा आणि झेंडे दिसायला लागतात. पाठीराखा शब्दात पाठ आहे आणि राखण आहे, म्हणजे संकटाचा वास आहे. मालक या शब्दाचं उलट झालंय. मराठीत घरधनी मालक असतो, नवऱ्यालाही जुन्या बायका मालक म्हणत, आणि गिरणीचाही मालकच. एकाच शब्दात राबवून घेणाराही आहे आणि पोसणाराही. पुस्तकात एक म्हातारा साचेवाला बंद पडलेल्या गिरणीबद्दल बोलताना सारखा ‘आमची गिरणी’ म्हणतो. मी सरळ ‘अवर मिल’ केलं. हस्तलिखिताच्या समासात संपादकांनी विचारलं, हा तर कामगार, मग ‘आमची’ कशी? ‘जिथे आम्ही काम करायचो ती गिरणी’ असं करता येईल का? नाही येत. मी उत्तरात ब्लॅकबर्नच्या त्या अठरा मिनिटांबद्दल लिहिलं. शब्द तसाच राहिला.

मालकांनी पैसा घातला नाही, असं म्हणता येत नाही. वर्षानुवर्षांचा तोटा त्यांनीच सोसला आहे, आणि क्लब बंद पडला नाही याचं काही श्रेय त्यांना द्यावंच लागेल. तक्रार पैशाची कमी आणि नसण्याची जास्त होती. पुण्यात बसलेले मालक मैदानावर फारसे दिसत नसत, आणि निर्णय कोण घेतं हे खुर्च्यांवरच्या माणसांना कळत नसे.

कोलकात्यातला माझा एक भाषांतरकार मित्र मोहनबागानचा पिढीजात पाठीराखा आहे. त्याला हे सगळं सांगितल्यावर तो खूश झाला. म्हणाला, लँकेशरनं आपले विणकर बुडवले, आता पुण्याच्या कोंबड्या त्यांचा क्लब बुडवताहेत, इतिहासानं मस्त कविता केली आहे. असं म्हणणारा तो एकटा नाही. हा विनोद मी पुण्यातही ऐकला आहे. मला तो मान्य नाही. १९११मध्ये मोहनबागाननं ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली ती मैदानावर, बहुतेक जण अनवाणी खेळून. इथे कुणी कुणाला हरवलेलं नाही. इथे विकत घेतलं आहे. आणि सूड उगवायचाच असेल तर तो नेमका कुणावर? सप्टेंबर १९३१मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये गेले होते. आपल्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम सुटलं त्यांना भेटायला. गिरणीच्या बायका हात उंचावून हसताहेत आणि मधे गांधीजी उभे आहेत, असा एक फोटो प्रसिद्ध आहे. ईवुड पार्कच्या खुर्च्यांवर त्या बायकांची नातवंडं-पतवंडं बसतात. शिवाय लँकेशरच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला गुजरातेतून गेलेल्या कुटुंबांचं ब्लॅकबर्न आता घर आहे. दूरच्या शहरातल्या कार्यालयात ठरावं आणि इथल्या साच्यावर कळावं, हे त्या गावानं एकेकाळी आपल्याला दिलं. तेच त्याला परत मिळालं म्हणून ते बरोबर होत नाही. मित्राला हे पटलं नाही. आम्ही तो विषय तिथेच सोडला.

७ मे २०१७, रविवार. बरोबर पाच वर्षांनी तीच तारीख. शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, तिथे दुपारी बारा, आपल्याकडे साडेचार. ब्लॅकबर्न आणि फॉरेस्ट दोघांचे ४८, बर्मिंगहॅमचे ५०. ब्लॅकबर्न ब्रेंटफर्डच्या मैदानावर होता. सुरुवातीलाच मलग्रूच्या फ्री किकनं एक, मग डॅनी गथ्रीचा दुसरा. तिकडे फॉरेस्ट आणि इप्सविच ०-०. जवळजवळ अर्धा तास ब्लॅकबर्न रेघेच्या वर होता. मी तीन सामन्यांचे आकडे शेजारी शेजारी उघडून बसले होते आणि चहा गार झाला होता. मध्यंतराच्या थोडं आधी फॉरेस्टला पेनल्टी मिळाली. मग अजून दोन गोल. बर्मिंगहॅमही १-० जिंकलं. ब्लॅकबर्न ३-१ जिंकला, आणि खाली गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पायरीवर जाण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी मराठीत याला काय म्हणावं हे मी शोधत होते. पदावनती म्हणजे कार्यालयातल्या कारकुनाची. घसरण शेअर बाजाराची. गच्छंती व्यवस्थापकाची, तीही झाली होती. शेवटी वहीत ‘उतरला’ एवढंच लिहिलं. उतरलेला चढू शकतो, निदान व्याकरणात.

मोब्रे थांबला. एप्रिल २०१८मध्ये डॉनकॅस्टरला १-० हरवून ब्लॅकबर्न परत दुसऱ्या पायरीवर आला, गोल मलग्रूचाच. त्याच मोसमात बर्नली प्रीमियर लीगमध्ये सातवा आला आणि युरोपातल्या स्पर्धेला पात्र ठरला. हे शेवटचं वाक्य ब्लॅकबर्नमधल्या कुणाला वाचून दाखवू नये.